गोठ्यातला रॉक

खडकवासल्याचे नाव काढले की पुणेकराला तीन गोष्टी आठवतात : धरण, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि कांदाभजी. यांत चौथी भर म्हणून मी रॉक संगीताचे नाव घेतले तर वाचक खुशाल हसतील. हसावे. माझी काही हरकत नाही. आमचे कुटुंब तर गेली पस्तीस वर्षे हसतेच आहे. पण धरणाच्या वरच्या अंगाला, डोणज्याच्या एका गोठ्यात, १९८६ साली चार पोरे इंग्रजी गाणी वाजवीत होती ही गोष्ट खरी आहे. आणि त्या चारांपैकी गिटार हाती धरणारा मी होतो, हेही तितकेच खरे आहे.

आमचे अण्णा खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात सुतारकामावर होते. १९१६ पासून चालत आलेली ही संस्था. धरणे, बंदरे, नद्या यांच्या लहान प्रतिकृती करायच्या, त्यांतून पाणी सोडायचे आणि खरे पाणी पुढे कसे वागेल ते आधी पाहून ठेवायचे, असे तिथले काम. अण्णांनी हयातभर अशी बुटकी धरणे उभी केली. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि अर्धे पुणे पाण्याखाली गेले. तेव्हा अण्णा नुकतेच नोकरीला लागले होते. त्या दिवसाबद्दल ते फार बोलत नसत. एकच वाक्य मात्र त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले होते : “भिंत पुन्हा बांधता येते रे, पण आधी ती कुठे फुटली ते बघावं लागतं.” ते धरणाविषयी बोलत आहेत अशी माझी तेव्हा समजूत होती.

तर गोठ्याची गोष्ट. माझ्या डोणज्याच्या मित्राच्या अंगात ताल होता. गणपतीत ढोल, भजनात पखवाज, आणि कुणी काही न दिल्यास जेवणाचे ताट, असे त्याचे चाले. कुठूनतरी त्याने एक जुना ड्रमचा संच मिळवला. झांजेला तडा गेलेला, पायाखालचे पेडल सुतळीने बांधलेले. त्याच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. त्या बाहेरच्या बाजूला आणि आम्ही आतल्या. आठ दिवसांतच त्याच्या आईने तक्रार केली : “अरे, म्हैस पान्हा चोरायला लागली तुमच्यापायी!” पण तक्रार करून मावशींनी आम्हांला हाकलले मात्र नाही. धार काढण्याची वेळ सोडून वाजवा, एवढीच अट घातली. आम्ही ती पाळली. संगीताच्या इतिहासात म्हशीच्या वेळापत्रकाप्रमाणे तालीम करणारा दुसरा बँड असेल, असे मला वाटत नाही.

रंगभवनातली रात्र

वाजवायचे काय, तर परदेशी बँडांची गाणी. त्या काळी आपल्याकडे बहुतेक सारे रॉकवाले तेच करीत. साहेबाच्या गाण्याची जितकी हुबेहूब नक्कल, तितकी टाळी मोठी. आपले स्वतःचे गाणे रचले तर श्रोते ‘हे काय काढले?’ म्हणून ओरडत.

१९८७ च्या हिवाळ्यात आम्ही चौघे मुंबईला गेलो. धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजाच्या शेजारी, रंगभवन नावाचे उघडे नाट्यगृह आहे. १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ तिथेच सुरू झाली होती आणि रॉकवाल्यांचेही ते पंढरपूर होते. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथली गाणी-बजावणी थांबली. पण आम्ही गेलो तेव्हा दगडी पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नव्हती.

त्या रात्री आम्ही ‘रॉक मशीन’ ऐकले. १९८४ साली मुंबईत निघालेला हा बँड. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, गळा उदय बेनेगल यांचा, की-बोर्डवर झुबिन बालापोरिया, बेस गिटारवर मार्क सेल्विन आणि ड्रमवर मार्क मेनेझिस. नावे वाचा : हिंदू, पारशी, ख्रिस्ती, सारी मुंबईच त्या रंगमंचावर उभी होती. तिनईकर हे आडनाव ऐकून मला काय धीर आला म्हणून सांगू! आपल्या पंगतीला बसणारा एखादा माणूसही गिटार अशी बोलती करू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आणि ही मंडळी स्वतःची गाणी गात होती. १९८८ साली त्यांचा ‘रॉक ऍन्ड रोल रेनेगेड’ हा पहिला संग्रह निघाला, तेव्हा ती कॅसेट आम्ही इतकी वाजवली की फीत ताणून आवाज रडवेला येऊ लागला. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा संग्रह आला. पण तो आम्ही एकत्र ऐकला नाही.

का नाही, ते आता सांगतो. हा लेख लिहायला घेतला तो त्यासाठीच.

पाटल्या

रंगभवनातून परतल्यावर आम्हांला स्वतःचा ऍम्प्लिफायर हवासा वाटू लागला. किंमत सहा हजार. त्या काळी आमच्यापैकी कोणाच्याच घरात सहा हजार एका वेळी दिसलेले नव्हते. मी हजार जमवले, बाकीच्या दोघांनी मिळून अडीच आणले. उरलेले अडीच हजार डोणज्याच्या मित्राने आणून माझ्या हातावर ठेवले. त्याच्या आईने आपल्या पाटल्या सराफाकडे गहाण ठेवल्या होत्या. “एखादं साल लागलं तरी चालंल, पण सोडवून द्या,” एवढेच त्या म्हणाल्या. यंत्र माझ्या नावावर घेतले आणि आमच्या घरी राहू लागले.

१९८९ साली अण्णांचे पोटाचे ऑपरेशन निघाले. आधी पैसे भरा, असे सांगण्यात आले. मी तो ऍम्प्लिफायर एका वाद्यवृंदवाल्याला पाच हजारांना विकला. मित्राला विचारले नाही. विचारले असते तर तो नाही म्हणाला नसता, याची मला आजही खात्री आहे. पण विचारणे म्हणजे मागणे; आणि मागायची मला लाज वाटली. चोरीची मात्र वाटली नाही!

वाचक म्हणतील, बापाच्या जिवासाठी केले, त्यात एवढे काय? मीही मनाला पुष्कळ वर्षे हेच सांगत होतो. पण संपूर्ण हिशेब असा आहे : ऑपरेशनला तीन हजार दोनशे लागले. अठराशे उरले. त्या अठराशेत मी स्कूटरचा पहिला हप्ता भरला, कारण मला पुण्यात नोकरी लागली होती. त्याच स्कूटरवरून जाताना मित्राने मला धरणाच्या चौपाटीवर पाहिले. तो काही बोलला नाही. स्कूटरकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि सायकल वळवून डोणज्याच्या रस्त्याला लागला.

त्यानंतर तेवीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. डोणजे ते खडकवासला अंतर किती, तर सायकलीने अर्ध्या तासाचे. बँड अर्थातच संपला. म्हशी सुखाने दूध देऊ लागल्या असतील.

तिकडे मुंबईत

आम्ही संपलो, पण रॉक मशीनची चढती कमान होती. १९९३ साली त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे केले. गर्जना करणाऱ्या यंत्रापेक्षा सिंधूच्या काठाचे नाव त्यांना आता जवळचे वाटत होते. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या त्यांच्या गाण्याला एम-टीव्हीचे आशियातल्या प्रेक्षकपसंतीचे पारितोषिक मिळाले. १९९५ मध्ये बँडच्याच नावाचा संग्रह निघाला. आणि १९९७ मध्ये बँड मोडला! दूरचित्रवाणीवर तोवर हिंदी पॉप आणि सिनेमाची गाणी यांचे राज्य आले होते. इंग्रजीत गाणाऱ्या देशी बँडला जागा उरली नव्हती. बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले व तिथे ‘आम्स फॉर शांती’ या नावाने वाजवू लागले. बाकीचे आपापल्या उद्योगाला लागले.

तो बँड मोडल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा मला एक क्षुद्र समाधान झाले, हे कबूल करतो. एवढी मोठी माणसेसुद्धा टिकवू शकली नाहीत, मग आपली काय कथा!

हे समाधान फार टिकले नाही. २०१० साली इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला, आणि २०१२ साली त्यांचा नवा संग्रह निघाला. नाव ‘इव्हॉल्व्ह’, म्हणजे उत्क्रांत होणे. आधीच्या संग्रहानंतर तब्बल सतरा वर्षांनी! आमची धाकटी तेव्हा कॉलेजात होती. तिने ती तबकडी आणली आणि म्हणाली, “बाबा, तुमच्या जमान्यातले आजोबा परत आलेत.” मी तिला रागे भरलो. ते आजोबा असतील तर मी कोण?

पुनरागमनाच्या दोन तऱ्हा

आता थोडे या पुनरागमनाच्या शास्त्राविषयी. संगीत नाटकाच्या काळापासून आपल्याला ‘वन्स मोअर’ची सवय आहे. आवडीचे पद झाले की पुन्हा तेच हवे. मोडलेले बँड पुष्कळदा या ‘वन्स मोअर’साठी परत येतात. ‘ईगल्स’ हा अमेरिकन बँड १९८० मध्ये मोडला आणि १९९४ मध्ये परतला; पण परतल्यानंतरच्या पहिल्या संग्रहात नवी गाणी अवघी चार आणि बाकी जुन्यांचीच उजळणी. ही एक तऱ्हा. लोक खूश, गल्लाही खूश.

दुसरी तऱ्हा अवघड. ‘डीप पर्पल’ १९७६ मध्ये मोडला. १९८४ मध्ये त्यांतले पाच जुने गडी पुन्हा जमले आणि त्यांनी ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ हा संपूर्ण नवा संग्रह काढला. नावाचा अर्थ पाहा : पुरते अनोळखी! स्वीडनच्या ‘ऍबा’ने १९८१ नंतर थेट २०२१ मध्ये नवा संग्रह दिला, चाळीस वर्षांनी. ‘रोलिंग स्टोन्स’ मोडले कधीच नाहीत, पण २००५ नंतर त्यांच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचा संग्रह आला तो २०२३ मध्ये. आणि त्यातल्या दोनच गाण्यांत त्यांचा जुना ड्रमवाला चार्ली वॉट्स ऐकू येतो, कारण मधल्या काळात, २०२१ मध्ये, तो वारला होता. जुन्या माणसांकडून नवे गाणे मागण्यात हा धोका असतो. काळ त्यांच्यातला एखादा उचलून नेतो.

इंडस क्रीडने ही दुसरी, अवघड तऱ्हा निवडली. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने. बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे दोघे नवे, पुढच्या पिढीचे. गाणी आठ, सारी ताजी. अशा संग्रहात प्रत्येक वाद्य निरनिराळे मुद्रित करून ठेवतात आणि मग कोणाचा आवाज कुठे किती, ते एक जाणकार बसून ठरवतो. गृहिणींना सांगायचे तर सामान सारे तेच, पण आमटी कोण करतो यावर चव. हे काम त्यांनी टिम पामर या इंग्रज तंत्रज्ञाकडे दिले. ‘पर्ल जॅम’ या अमेरिकन बँडचा १९९१ चा गाजलेला पहिला संग्रह त्यानेच तसा जमवून दिला होता.

मी तबकडी लावली आणि हिरमुसलो. माझे रॉक मशीन त्यात नव्हते! रंगभवनातली ती धावपळ, ती आरडाओरड नव्हती. गाणी लांब, वळणे घेत जाणारी, मधेच थांबून विचार करणारी. दुसऱ्यांदा ऐकली, तिसऱ्यांदा ऐकली. मग लक्षात आले की मी सतरा वर्षांपूर्वीची माणसे शोधत होतो आणि ती माणसे तर पुढे निघून गेली होती. ‘मागे झाले ते झालेच नाही’ असे सोंग त्यांनी आणले नव्हते. तरुण असल्याचेही सोंग नव्हते. मधल्या वर्षांचे वजन त्या गाण्यांत होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. अण्णा जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्यांचे ते वाक्य मात्र अंधारात स्पष्ट ऐकू आले. आमची भिंत कुठे फुटली ते मला चांगले ठाऊक होते. मी फक्त तिकडे बघत नव्हतो.

डोणज्याला

दिवाळीच्या आधीचा रविवार धरून मी निघालो. पाकिटात पंचवीस हजार रुपये ठेवले होते. अडीच हजारांवर तेवीस वर्षांचे व्याज किती होते, ते मी कागदावर मांडून पाहिले होते आणि वर थोडी भर घातली होती. हिशेबात कमी पडू नये, ही इच्छा. त्यात जरा मोठेपणाही होता, नाही असे नाही.

गोठ्याच्या जागी आता सिंहगडाला जाणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरीचे छोटे हॉटेल होते. मागे गोठ्याची जुनी दगडी भिंत तेवढी शिल्लक. मित्र गल्ल्यावर बसला होता. केस पिकले होते, पण बोटे टेबलावर ताल धरून होती. मला पाहताच बोटे थांबली.

“बस,” तो म्हणाला.

मी पाकीट पुढे केले. काय बोलायचे ते वाटेवर पाठ केले होते, त्यातला एक शब्द आठवेना. “ऍम्प्लिफायरचे,” एवढेच बोललो.

त्याने पाकीट उघडले. नोटा मोजल्या. एकेक करून, गिऱ्हाइकासमोर मोजतात तशा. पाचशेच्या पाच बाजूला काढून गल्ल्यात टाकल्या आणि उरलेले पाकीट माझ्याकडे सरकवले.

“आमचे एवढेच होते,” तो म्हणाला.

“आणि मावशींच्या पाटल्या?”

“त्या गेल्या सराफाकडं. आई गेली दोन हजार चार साली. तिनं कधी विचारलं नाही. माझ्या लग्नात सुनेला काचेच्या बांगड्या घातल्या, आणि हिला म्हणाली, सोन्याच्या पोरांनी वाजवून टाकल्या.” तो किंचित हसला. “हसली होती म्हातारी ते बोलताना.”

मला हसू येईना. व्याजाचे साडेबावीस हजार माझ्यासमोर टेबलावर पडले होते आणि त्यांत काय विकत घ्यावे ते मला सुचत नव्हते. ज्यांचे देणे होते, त्या निघून गेल्या होत्या. वाचकांपैकी कोणाचे असे काही द्यायचे राहिले असेल, तर त्यांना मी एवढेच सांगेन : तेवीस वर्षे थांबू नका.

“अण्णांचं ऑपरेशन होतं,” मी म्हणालो.

“ठाऊक होतं. आठ दिवसांत कळलं होतं.” तो म्हणाला. “स्कूटरचं नव्हतं कळलं. ती दिसली.”

यावर मी काय बोलणार? वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांच्या हातात काचेच्याच बांगड्या होत्या. मी चहा प्यालो. मग, दुसरे काही सुचेना म्हणून, खिशातून ती तबकडी काढली. “रॉक मशीनवाल्यांची आहे. नवी.”

त्याच्या मालवाहू गाडीत तबकडी वाजवायची सोय होती. आम्ही दोघे गाडीत बसलो. समोर धरणाचे पाणी, पलीकडे प्रबोधिनीचा डोंगर. आठही गाणी संपेपर्यंत तो बोलला नाही. तो ड्रम तेवढे ऐकत होता, हे मला त्याच्या गुडघ्यावरच्या बोटांवरून कळत होते. शेवटी म्हणाला, “हा नवा पोरगा जुन्यासारखं वाजवायला बघत नाही.”

“नाही.”

“बरं करतो,” तो म्हणाला. थोड्या वेळाने पुढे म्हणाला, “झांज मात्र आपल्याला नवी घ्यावी लागंल.”

‘आपल्याला’ हा शब्द त्याने सहज वापरला. मी खिडकीतून बाहेर धरणाकडे पाहू लागलो, कारण त्याच्याकडे पाहणे मला जमत नव्हते.

हल्ली

झांज त्या साडेबावीस हजारांतून आली, ऍम्प्लिफायरही आला. तो हॉटेलाच्या मागच्या खोलीत, म्हणजे जुन्या गोठ्याच्या जागीच, राहतो. माझ्या नावावर काही घ्यायचे नाही, ही अट मीच घातली. पावती वहिनींच्या नावे आहे. बाकीच्या दोघांपैकी एक परदेशी स्थायिक झाला आणि एकाचा पत्ता लागला नाही. त्यांच्या जागी मित्राचा मुलगा आणि त्याचा एक सोबती वाजवतात. जुनी परदेशी गाणी वाजवायची नाहीत, असे ठरवले आहे. स्वतःची तीन झाली आहेत. चौथे बारा वर्षे अर्धे आहे. संग्रह वगैरे काही निघायचा नाही. इंडस क्रीडच्या नखाचीही सर आम्हांला नाही, हे आम्हांला कोणी सांगण्याची गरज नाही.

खडकवासला २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. आता आम्ही शहरवासी झालो. रविवारी चौपाटीवर मोटारी मावत नाहीत. फुटलेले धरण पुन्हा उभे राहून कितीतरी वर्षे होऊन गेली आणि भजी खाणाऱ्या पोरांना ते कधी फुटले होते हे सांगूनही खरे वाटत नाही. पावसाळ्यात पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, तेव्हा आम्ही वाजवणे थांबवतो. त्याच्यापुढे आमचा आवाज चालत नाही.

गेल्या महिन्यात तालीम संपल्यावर मी वहिनींना विचारले, “त्रास नाही ना होत आमच्या वाजवण्याचा?”

त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “होतो की. पण आता म्हैस नाही, भावजी. पान्हा चोरायला कुणी राहिलं नाही. वाजवा.”